धुराड्यापासून एकेचाळीस मीटर

"ओ काचवाले! जरा बाजूला व्हा ना!"

बंद कारखान्याच्या धुराड्याकडे ती एक डोळा मिटून बघत होती, आणि नेमकी मध्ये काच आली. भली मोठी काच, तिच्यामागे दोन पाय. काच थांबली. वरून एक चेहरा डोकावला.

"काचवाला नाही हो, फ्रेमवाला. काच नुसती सोबतीला आहे."

तिला हसू फुटलं, हातातलं कोन मोजायचं यंत्र हललं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून आली. खरं तर चिडायला हवं होतं. पण दिवसभरात तिच्याशी कुणी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं... आणि दिवस मावळायला आला होता.

तिची नोकरीच तशी होती. धुराडी, टाक्या, मनोरे — जिथवर टेप पोचत नाही ते सगळं लांबून मोजायचं. एका गावात दोन-तीन आठवडे, की चाललं बिऱ्हाड पुढे. भाड्याच्या खोलीत ती भिंतीला साधा खिळासुद्धा ठोकत नसे. उद्या काढायचाच, तर ठोकायचा कशाला? फोनवर मावशी म्हणायची, "अगं, धुराडी बघून झाली असतील तर एखादा माणूस बघ!" ती हसून विषय बदलायची. फोन ठेवला की खोली आणखीच गप्प व्हायची.

हे धुराडं तडकलेलं होतं, कधी आडवं होईल याचा नेम नव्हता. जेवढी त्याची उंची, तेवढ्या अंतरातली दुकानं रिकामी करायची, असा हुकूम निघाला होता. फ्रेमवाल्याचं दुकान एकेचाळीस मीटरवर. त्यामुळे दुसऱ्या दिवशी स्वारी दोन कप चहा घेऊन हजर.

"लाच आहे का ही?"

"छे! लाच असती तर बिस्किटंही आणली असती."

तिने कच्चं चित्र पुढे केलं. एक काटकोन त्रिकोण. "ही आडवी बाजू, म्हणजे धुराड्यापासून मी उभी आहे तिथपर्यंत. टेपने मोजली, पन्नास मीटर. उभी बाजू, म्हणजे उंची, मोजता येत नाही. पण कोन कळला की दोन्ही बाजूंचं गुणोत्तर कळतं. इथे आडव्या दहाला उभे आठ."

"म्हणजे दहा बाय आठचा फोटो मोठा करायचा! पन्नासला... चाळीस?"

"शाळेत मला एवढं पटकन जमलं नव्हतं."

"मग वाचलो मी? एका मीटरने?"

"वाचलात." तिलाच केवढं हायसं वाटलं!

तो मात्र चित्राकडे बघतच राहिला. "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? मी नसते. मी फक्त मोजते."

"असं कसं? कुणीतरी बघतंय म्हणून तर चित्र आहे ना..." त्याने सहज म्हटलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने चटकन कपात पाहिलं. कप रिकामा होता.

मग रोज चहा. मोजून झालेली धुराड्याची सावली, पायथा, भिंत असं काहीबाही ती पुन्हा मोजू लागली.

एका सकाळी खोलीत ती पक्कं चित्र काढायला बसली. त्याचा प्रश्न आठवला, तेव्हा गंमत म्हणून समोरच्या कच्च्या चित्रात, त्रिकोणाच्या कोपऱ्यात तिने स्वतःला काढलं. पेन्सिल तिथेच थांबली. त्रिकोणाचं टोक तिच्या पायांशी नव्हतंच, ते होतं डोळ्यांशी. चाळीस मीटर मोजले होते ते तिच्या डोळ्यांच्या वर. खालचं दीड मीटर धरायचंच राहिलं होतं! नवख्या पोरांना ती ज्या चुकीसाठी रागवायची, तीच चूक. धुराडं साडेएकेचाळीस मीटर होतं.

चाळीसच राहू दिले असते, तर कुणाला कळणार होतं? पण ते पडलं असतं तर... तिला पुढचा विचारच करवेना. ती उठली.

तो करवतीने लाकडाची पट्टी कापत होता. तिने चित्र टेबलावर ठेवलं. "माझं चुकलं. तुमचं दुकान आत येतं. मी... स्वतःला धरायला विसरले."

करवत थांबली. बाहेर त्याच्या वडिलांनी रंगवलेली दुकानाची पाटी होती. त्याने एकदा तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नसतं सांगितलं तर?"

"तर आज पडेल, उद्या पडेल, या धास्तीने मी झुरले असते. मला तुमची काळजी वाटते. म्हणजे... नुसती काळजी नाही."

त्याने करवत भिंतीला टेकवली. "मला दुकान आवरायचंय," एवढंच म्हणाला. ती चित्र तिथेच विसरून निघाली. त्यानंतर चहा आला नाही. एवढ्याशा खोलीत इतकी मोठी पोकळी मावते कशी, हे मात्र कुठल्याच गुणोत्तराने सुटेना.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बॅग भरताना दार वाजलं. तो होता. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"पलीकडच्या गल्लीत जागा मिळाली. पाटी तीच लावली." तो घुटमळला. "त्या दिवशी बोलायला हवं होतं. बाबांची पाटी उतरवताना... शब्दच फुटेना."

तिने कागद सोडला. काचेखाली तिचंच कच्चं चित्र होतं. कोपऱ्यात एक डोळा मिटलेली मुलगी. आणि तिच्याशेजारी काच धरून उभं असलेलं कुणीतरी.

"हा कोण?"

"हाही धरायचा राहिला होता."

तिचे डोळे भरून आले. "उद्या गाडी आहे हो माझी."

"मग उद्यापर्यंत तरी बघाल." खिशातून त्याने खिळा आणि हातोडी काढली. "ठोकू?... की नको?"

तिने भरलेल्या बॅगेकडे पाहिलं, मग कोऱ्या भिंतीकडे.

"रजा शिल्लक आहे माझी," ती हळूच म्हणाली. "भरपूर."

पेन्सिल घेऊन ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली, आणि डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर खूण केली.

"इथे ठोका."