तिसरी हाक

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाला पटणार नाही, तर नाही. ज्याच्यावर ती बेतली त्या भुजंग मास्तरचाही भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता.

तारीख पक्की आहे. रविवार, ९ फेब्रुवारी १९८६. जागा पैनगंगेच्या पात्रातला एक डोह, हिमायतनगरकडच्या डोंगरात, गाडीरस्त्यापासून तीन तासांच्या पायवाटेवर.

रात्र नव्हती. दुपारचं लख्ख ऊन होतं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नव्हती. पावसानं मात्र पाठ फिरवली होती. भुजंग निलंग्याकडच्या एका गावात मास्तर होता. धाकटी बहीण पंचशीला कॉलेजात शिकत होती, घराण्यातली पहिलीच. तिला डोंगर चढायचं वेड लागलं होतं.

“नवा जिल्हा दिला, पण त्यात धड डोंगर ठेवायचा इसरले बघ, दादा,” ती म्हणायची. “चल, नांदेडवाल्यांचा बघून येऊ.”

शेवटी भुजंगनं हो म्हटलं. आई केवळाबाईनं भाकरी बांधून दिली आणि निघताना बजावलं.

“पाण्याच्या काठाला कुणी हाक मारली तर पयलीला ओ देऊ नगा. दुसरीला बी न्हाई. माणूस आसंल तर तिसऱ्यांदा मारतंयच.”

पंचशीला हसली. “छप्पन्नला दीक्षा घेऊन देव सोडलेस की गं आई. मग ही हाक तेवढी का ठेवलीस?”

“देव सोडले. भ्या कुठं सोडलंय?”

वाट दाखवायला तिथलाच एक गुराखी होता, निवृत्ती. सकाळभर तिघं डोंगर चढले, उतरले. पंचशीला पुढं पळायची, एखाद्या खडकाआड लपायची आणि हाक मारायची.

“दादा!”

भुजंग ओ देत धावायचा. तिथं कुणी नसायचं. मग दुसऱ्याच खडकामागून हसू यायचं.

“मास्तर, पयल्याच हाकंला ओ? थांब, आईला सांगते!”

असं तीनदा झालं.

दुपारी ते नदीत उतरले. नदी कसली... नुसते गोटे. पाणी उरलं होतं त्या एका डोहात. निवृत्ती शेळ्या बघायला वर गेला. भुजंग मोठ्या खडकाआड तीन दगडांची चूल मांडून बसला. पंचशीला किटली घेऊन पाण्याला गेली.

“दादा...”

भुजंग गालात हसला. आता फसायचं नाही.

“दादा!”

आवाज जरा बारीक वाटला.

त्याला आईचं बोलणं आठवलं. अजून एक राहिली... येऊ दे. तो काटक्या मोडत बसला.

तिसरी हाक आली नाही.

तो खडकाबाहेर आला तेव्हा काठ रिकामा होता.

पाण्याभोवतीच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. दुष्काळात वाढलेल्या पोरीला एवढंच ठाऊक, की भेगाळलेली भुई म्हणजे टणक भुई. पण इथं त्या खपलीखाली माणूसभर चिखल होता. पाण्यापासून दोन पावलांवर खपली फुटलेली होती.

शेजारी किटली आडवी पडली होती.

निवृत्तीनं आरडाओरडा करून माणसं गोळा केली. फांद्या टाकून तिला बाहेर काढलं, तेव्हा ऊन उतरलं होतं.

घरी आईनं एकच विचारलं.

“हाक मारली व्हती का रं तिनं?”

“न्हाई,” भुजंग म्हणाला.

त्या एका शब्दानं त्याला वर्षभर झोपू दिलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आई हटून बसली. मला ती जागा बघायचीच. भुजंगनं ठरवलं, तिथंच सगळं सांगून टाकायचं.

निवृत्ती सोबत आला, पण डोहाच्या वरच थांबला.

“तुमी जावा, मास्तर. दुपारच्याला गुरं बी हितलं पाणी पीत न्हाईत. वरीस झालं.”

दोघं उतरले. कुठंतरी टिटवी ओरडत होती.

मग तीही थांबली.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. भुजंगनं बोलायला तोंड उघडलं आणि...

“दादा...”

“ओ!” तो ओरडला. “ओ, पंचे! हितं हाय मी! आलो!”

तो काठाकडं धावला.

“दादा!”

तोच आवाज. तितक्याच वेळानं. तसाच बारीक झालेला.

त्याची ओ तिला ऐकू गेली नव्हती.

तो वाट बघत उभा राहिला. पुढं काहीच आलं नाही.

“कुणाला ओ दिलीस?” मागून आईनं विचारलं.

“तुला... ऐकू न्हाई आलं?”

“न्हाई.”

केवळाबाई त्याच्या जवळ आली. मग हळूच म्हणाली, “किती येळा?”

“दोनदा.”

“आन् तवा?”

“तवा बी दोनदाच, आई. मी तिसरीची वाट बघितली.”

ती रडली नाही. त्याला दोषही दिला नाही. दगड संपतात तिथवर गेली आणि उंबऱ्यातून लेकीला जेवायला बोलवावं तशी हाक मारली.

“पंचे...”

वारा नसताना पाण्यावर एक वलय उठलं.

“पंचे, ये गं...”

चिखलात एके जागी बुडबुडे आले. आणि थांबले. कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं, तसे.

भुजंग तिसऱ्या हाकेची वाट बघत होता.

केवळाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती मागं फिरली.

“आई, आजून एक मार की गं!”

तिनं मान हलवली. तोंडातला बोळा काढला.

“तिसरीला तिनं ओ दिली, तर तिला हितं एकलीला सोडून मी घरी कशी जाऊ रं?”

दोघं डोंगर चढले. मागं वळून कुणीच बघितलं नाही. केवळाबाई पुढं सहा वर्षं जगली, पण तिनं पुन्हा कुणाला नावानं हाक मारली नाही.

भुजंग मास्तर आता निवृत्त आहे. कुणीही हाक मारली, की पहिलीलाच ओ देतो. नातवंडांना त्याची गंमत वाटते.

पण कधी कधी दुपारी घर शांत असताना तो एकदम “ओ!” म्हणून उठतो आणि दारात जाऊन उभा राहतो. बायको सिंधू स्वयंपाकघरातून बघते. कुणी बोलावलं, असं ती विचारत नाही.

घरात कुणीच हाक मारलेली नसते.