सातवी ट्रायल

ती पहिल्यांदा त्या दुकानात आली ती भांडायला. भावाच्या नव्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता, भाऊ स्वभावानं गरीब होता आणि बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. भांडणाला लागणारं सगळं साहित्य तयार होतं.

काउंटरमागे गळ्यात टेप टाकून एक तरुण कटर उभा होता. त्यानं पँट उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"पँट बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्या भावाचा पाय लांब आहे."

"दोन्ही?"

"नाही... एकच."

"मग इतकी वर्षं तो शाळेत सरळ कसा चालत गेला?"

"तेव्हा हाफ पँट घालत असेल."

तिनं हसू दाबलं, पण उशिरा. मग त्याच्याच काउंटरवरची कात्री उचलून तिनं पँटची दुमड उसवली, कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसली आणि पाच मिनिटांत पाय सारखे करून दिले. तो बघत राहिला. पँटकडे नव्हे.

पुढच्या आठवड्यात ती तिथं शिवायला लागली. दुकानाची पद्धत अशी की मास्तर, म्हणजे तोच कटर, माप घेणार, कापड कापणार आणि कापडाला मापाची चिठ्ठी जोडून शिवणारीकडे देणार. चिठ्ठीच्या तळाला 'शेरा' म्हणून एक ओळ असे. मास्तरांनी तिच्यासाठी लिहिलेला पहिला शेरा असा होता : 'गिऱ्हाइकाचा डावा खांदा उतरता. शिवणारीचा पारा चढता. दोन्ही सांभाळावे.'

तिनं ती चिठ्ठी फेकली नाही. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. डब्यात मग रोज भर पडत गेली. मास्तरांनी तिचं नाव टाचणी ठेवलं, कारण ती बारीक होती, सरळ होती आणि निष्काळजीपणे हात लावला तर रक्त काढत होती. दोन वर्षांनी एका शर्टाच्या चिठ्ठीवर शेरा आला : 'या गिऱ्हाइकाला घाई नाही. मला आहे. लग्न करतेस?' तिनं आधी शर्ट शिवून पूर्ण केला, घडी घातली आणि मग 'हो' म्हणाली. गिऱ्हाईक आधी.

लग्नानंतरही नियम ठरला. दुकानात 'अहो मास्तर', घरी 'तू'. घरी कधी 'तुम्ही' आलं, तर मास्तरांनी मुकाट्यानं भांडी घासायला घ्यायची.

अशी एकूण चौदा वर्षं झाली, आणि यंदा हवामानबाई आल्या.

त्याही योगायोगानंच आल्या. हवामान कार्यालयात त्या उद्याचं आभाळ कसं असेल ते सांगायच्या, आणि आभाळ त्यांचं फारसं ऐकत नसे. त्या दिवशी त्या आडोशाला म्हणून दुकानात शिरल्या, केसांतून पाणी निथळत होतं.

"आज कोरडं राहील असं मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी विश्वास ठेवला."

मास्तर हसले. मशीनवर बसलेल्या टाचणीनं ते हसू ऐकलं. ओळखीचं होतं. बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

हवामानबाईंनी राखी रंगाचा एक कोट शिवायला टाकला. आता कोटाला ट्रायल दोन लागतात. कच्च्या टाक्यांवर जोडलेला कोट गिऱ्हाइकाला घालून बघायचा, खडूनं खुणा करायच्या, दुरुस्त करून पुन्हा एकदा बघायचा, संपलं. आरशाच्या वर मास्तरांच्या वडिलांनी लावलेली पाटीच होती : 'ट्रायल दोन. तिसरी मागू नये.' या पाटीपुढं भल्याभल्यांनी मान तुकवली होती. एक नवरदेव तर ओढणाऱ्या कोटात लग्नाला उभा राहिला होता, पण तिसरी ट्रायल त्यानं मागितली नव्हती.

हवामानबाईंची तिसरी ट्रायल झाली. मग चौथी. दर मंगळवारी, चारच्या सुमाराला. त्याच सुमाराला चिठ्ठ्यांवरचे शेरे आटले. 'बाही तेवीस. कॉलर साधी.' बस. टाचणी चिठ्ठी उलटून मागची बाजूही बघायची. मागची बाजू कोरी असायची.

मास्तरांची थोरली बहीण, ताई, दुकानात खिडकीशी बसून काजं करायची. तिच्या नजरेतून बटण सुटत नसे.

"आज पाचवी का गं?" तिनं विचारलं.

"पाचवी."

"त्या बाईंना हात किती आहेत?"

"दोनच आहेत, ताई."

"मग?"

"मास्तर म्हणतात, कोट खांद्यात ओढतोय."

ताईनं दोरा दातानं तोडला. "ओढतोय खरं. पण कोट नाही."

टाचणीनं मशीन पुन्हा सुरू केलं. बोलायचं तरी काय? हात धरला नव्हता, फोन लपवला नव्हता, खोटं बोलून कुठं गेला नव्हता. सगळं तिच्यापासून चार हातांवर, भर दुपारी, आरशासमोर चाललं होतं. नवऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलू नको म्हणणारी बायको दुकान बंद करते, हे तिला कळत होतं. आणि दुकान चालू ठेवता ठेवता दुसरं काहीतरी बंद पडतंय, हेही कळत होतं.

सहाव्या ट्रायलला ती पार्टिशनमागे इस्त्री करत होती. दोघांना वाटलं, ती बाहेर गेलीय.

"सकाळी हात थरथरतो," मास्तर सांगत होते. "खडूची रेघ वाकडी जाते. कटरचा हात... म्हणजे काय राहिलं मग?"

"घरी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

खडू कापडावर घासल्याची खरखर ऐकू आली. मग हवामानबाईंचाच आवाज आला, हलका, हसरा. "बरं... पुढच्या मंगळवारी येऊ?"

"कोट झाला नसेल तर यावंच लागेल."

"आणि झाला असला तर?"

"...होणार नाही."

त्या दिवशी चौदा वर्षांत पहिल्यांदा टाचणीच्या इस्त्रीखाली एक खिसा करपला. गिऱ्हाइकाला सांगितलं, विजेचा दाब वाढला होता. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

वाकडी रेघ तिला ठाऊक होती. गेलं वर्षभर मास्तरांनी कापलेल्या कडा ती गुपचूप सरळ करून शिवत होती. तिला वाटलं होतं चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुरुष चष्म्याला भितात, बोलायला नको. हाताचं मात्र तिला माहीत नव्हतं. ज्या हाताशेजारी ती रोज झोपत होती, त्या हाताची बातमी तिला पार्टिशनपलीकडून मिळाली होती, तीही दुसरीला सांगितली जाताना.

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला भात वाढू?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "काही झालंय का?"

"तुम्ही सांगा."

"मला काय माहीत..."

"मग काही नाही झालं."

मास्तरांनी उठून भांडी घासली. दुसऱ्या दिवशी घासली, तिसऱ्या दिवशीही. घरात इतकी स्वच्छ भांडी आणि इतका वाईट आठवडा एकत्र कधी आला नव्हता.

सोमवारी दुकान बंद असतं. टाचणीनं किल्ली घेतली आणि एकटीच गेली. राखी कोट हँगरवरून काढून टेबलावर पसरला. खांद्यावर खडूच्या सहा खुणा होत्या. सहाही एकाच जागी, एकीवर एक. म्हणजे पहिल्या ट्रायललाच कोट चोख बसला होता. नंतरच्या पाच मंगळवारी मास्तरांनी काहीही बदललं नव्हतं. फक्त खडू हातात धरला होता.

ती त्या खुणांकडे बघत बसली. मग ब्रशनं खडू झाडला, कच्चे टाके एकेक करून उपसले आणि मशीनवर बसली. बाह्या चढवल्या, अस्तर लावलं. अकराच्या सुमाराला दार वाजलं. ताई होती. न विचारता आत आली, आपल्या खुर्चीत बसली आणि हात पुढं केला.

"काजं किती?"

"तीन."

"आण इकडं."

संध्याकाळी दोघींनी मिळून दुकानाला कुलूप लावलं.

मंगळवारी चार वाजता हवामानबाई आल्या. मास्तर सवयीनं खडू घेऊन पुढं झाले आणि तिथंच थांबले. आरशासमोर राखी कोट हँगरला टांगलेला होता. इस्त्री केलेला, बटणं लावलेला, संपलेला. शेजारी टाचणी उभी होती.

"घालून बघा," ती म्हणाली. आवाज दुकानातलाच होता, गिऱ्हाइकाशी बोलायचा.

हवामानबाईंनी कोट घातला. आरशात तिघं दिसत होती. कोट असा बसला होता की त्यात बोट दाखवायला जागा नव्हती. कुणीच कुणाच्या डोळ्यांकडे बघत नव्हतं. सगळे कोटाकडे बघत होते. एवढं लक्ष त्या कोटाला पुन्हा आयुष्यात मिळणार नव्हतं.

"छान शिवलात," हवामानबाई शेवटी म्हणाल्या.

"शिवते नेहमी मीच. बोलतात मास्तर."

मास्तरांनी हातातला खडू खिशात टाकला.

"मला वाटलं होतं, अजून एखादी ट्रायल..." हवामानबाईंनी बाहीवरून हात फिरवला.

टाचणीनं आरशाच्या वर पाहिलं. हवामानबाईंनीही पाहिलं.

"पाटी मी पहिल्याच दिवशी वाचली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "न वाचल्यासारखं केलं. ...माझे अंदाज बहुतेक चुकतात. हा मात्र मला आधीपासून आला होता." त्या टाचणीकडे वळल्या. "चूक झाली माझी."

कोट अंगात ठेवूनच त्या निघाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी बटणं नीट लावली आणि मागं न बघता रस्ता ओलांडला.

खिडकीशी ताईनं एक काज सुरू केलं. त्या एका काजाला तिनं पुढं अर्धा तास लावला.

"आमच्यात काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले.

"झालं. बोलणं झालं."

"बोलणंच ना..."

"माझे शेरे कुठं गेले?"

"अगं, तिला मी एक चिठ्ठीसुद्धा कधी..."

"चिठ्ठी नाही दिलीत. विनोद दिलेत. माझ्या वाटणीचे." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "आणि हाताचं सांगितलंत. आधी तिला."

मास्तर स्टुलावर बसले. एकदम वय झाल्यासारखे दिसायला लागले.

"हात दाखव," ती म्हणाली. 'तू' म्हणाली. त्यांनी चमकून वर पाहिलं.

उजवा हात पुढं आला. खरंच थरथरत होता. थोडासाच, पण खडूच्या रेघेला तेवढा पुरतो. तिनं तो हातात घेतला नाही. नुसता पाहिला.

"तिला माझा हात आधी कसा होता ते माहीत नव्हतं," ते खाली बघत म्हणाले. "तिच्यासमोर मी... कमी झालेला नव्हतो. मंगळवारची वाट बघायचो मी. खोटं नाही बोलणार."

"आणि माझ्यासमोर?"

"तू माझ्या रेघा सरळ करत होतीस. वर्षभर. मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? मी कापलेलं वेगळं असायचं आणि शिवून यायचं वेगळं. रोज वाटायचं, आज ही काहीतरी बोलेल. तू बोललीच नाहीस."

"मी सांभाळून घेत होते."

"तेच तर. गिऱ्हाइकाला घेतात तसं."

हे तिला लागलं. लागायचंच होतं, कारण ते खरं होतं. आणि चौदा वर्षांपूर्वीचा तो पारा एकदम चढला.

"मग भांडायचंस ना माझ्याशी! विचारायचंस, माझ्या रेघेला हात का लावतेस म्हणून! भांडायलाच तर आले होते मी या दुकानात. आणि तू काय केलंस? बाहेर जाऊन गोड बोललास!"

"बाहेर नाही... इथंच..."

"मास्तर, आत्ता मापं काढू नका."

खिडकीतून ताई नको तेवढ्या मोठ्यानं खोकली.

टाचणीनं डोळे पुसले, टेबलावरची एक कोरी चिठ्ठी ओढली, लिहिली आणि त्यांच्यापुढं सरकवली. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी धरली. चिठ्ठीवर होतं : 'गिऱ्हाईक : कटर, वय बेचाळीस. तक्रार : उजवा हात. उद्या सकाळी दहा, डॉक्टर. सोबत : शिवणारी. शेरा : ट्रायल दोन. तिसरी मागू नये.'

त्यांनी दोनदा वाचली.

"म्हणजे... माफ केलंस?"

"नाही. कच्चा टाका घातलाय. उसवायला सोपा असतो."

"आणि पक्का कधी?"

"कोटाला तुम्ही सात मंगळवार घेतलेत. मलाही घेऊ द्या."

पण तिनं 'घरी चल' म्हणताना 'तू' वापरलं, आणि त्या संध्याकाळी भांडी दोघांनी मिळून घासली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून येऊन ती मशीनवर बसली, तेव्हा एका पांढऱ्या शर्टाचं कापड समोर ठेवलेलं होतं. कड थोडी वाकडी होती. चिठ्ठी जोडलेली होती. तिनं नेहमीच्या भीतीनं आधी तळ पाहिला. तिथं अक्षर होतं. हललेलं, डुगडुगतं, एखाद्या शाळकरी पोरानं चालत्या गाडीत काढल्यासारखं.

'शेरा : रेघ माझी वाकडी आहे. सरळ करण्यापूर्वी भांडावे.'

ती किती तरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. चिठ्ठी तिनं बिस्किटाच्या डब्यात टाकली नाही. अजून नाही. समोरच्या भिंतीला, डोळ्यांच्या उंचीवर, टोचून ठेवली. मग कापड उचललं, खुर्ची मागं ढकलली आणि काउंटरवर जाऊन ते धाडकन आपटलं.

"ही काय रेघ आहे, मास्तर?"

मास्तरांनी कापड उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. हात थरथरत होता, पण त्यांनी तो लपवला नाही.

"रेघ बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचं गिऱ्हाईक वाकडं आहे."

तिनं हसू दाबलं. याही वेळी उशिराच.