डावा अंगठा

"घुमे, बोट दे."

बाबांनी हाक मारली तेव्हा घुमी जमिनीवर पालथी पडून तराफ्याचा आराखडा काढत होती. सुट्टीतला पहिलाच शनिवार. एका बाजूला मावसभाऊ चष्मिष, दुसऱ्या बाजूला शेजारची तुरतुरी. पाच रिकामी पिंपं, एक दोर आणि तळं, एवढ्या भांडवलावर मोहीम ठरत होती.

घुमी तोंड वाकडं करून उठली आणि बाबांच्या फोनवर तर्जनी टेकवली. फोन उघडला.

बाबा ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायचे. वीस वर्षं सरस, पुठ्ठे आणि काचकागद हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. कुठलंच यंत्र त्यांना ओळखायचं नाही. आकडे टाकून फोन उघडता आला असता, पण बाबांनी त्यात लेकीचं बोट नोंदवून ठेवलं होतं.

"काका, घुमी सहलीला गेली की काय करता?" तुरतुरीने विचारलं.

"वाट बघतो."

चष्मिष फिदीफिदी हसला. घुमीचे कान तापले. "बाबा, पुढच्या वेळी आकडे टाका ना. सगळ्यांसमोर काय बोट मागता?"

"बरं," बाबा म्हणाले. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवायला ते वाकले. त्यांचा हात इतका खरखरीत होता, की केस अडकायचे. घुमीने डोकं बाजूला घेतलं.

त्या दुपारी चार वाजता, ग्रंथालयात, कामाच्या टेबलाशीच बाबांचं हृदय थांबलं.

पुढचे दिवस घरात माणसं येत राहिली. घुमीने सगळ्यांना पाणी दिलं. "तिला रडू द्या," कोणीतरी आईला म्हणालं. पण रडू येत नव्हतं. दाढेत इंजेक्शन दिल्यावर गाल असून नसल्यासारखा होतो, तसं सगळंच झालं होतं. आराखडा चष्मिषने गुंडाळून कपाटावर ठेवून दिला.

जवळजवळ दोन आठवड्यांनी, शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालयाचे व्यवस्थापक घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले.

"वहिनी, विषय जरा नाजूक आहे. बंद खोलीतला एक जुना नकाशा सापडत नाहीये. त्या खोलीचं दार अंगठा लावल्याशिवाय उघडत नाही. नकाशा शेवटचा पाहिला तो ते गेले त्या आठवड्यातल्या बुधवारी, आणि दुसऱ्या दिवशीची, गुरुवारची यादी काढली तर दार उघडल्याची एकच नोंद आहे. यांच्या नावाची."

आई उठून उभी राहिली. मग म्हणाली, "त्यांनी तिथून घरी दोऱ्याचा तुकडासुद्धा आणला नाही कधी."

"मी कुठे काय म्हणतोय? पण यंत्र खोटं बोलत नाही ना, वहिनी. घरात असेल तर गुपचूप द्या. सोमवारी दुपारी मंडळाची सभा आहे. तिथे मला एक नाव सांगावंच लागेल."

घुमी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. अंगठा? बाबांचा?

"म्हणजे एकतर काकांचा अंगठा अचानक सुधारला," चष्मिषने तिचं सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं, "नाहीतर तो अंगठा काकांचा नव्हताच."

शनिवारी सकाळीच तिघं ग्रंथालयात हजर झाले. बालविभागातली पुस्तकं मांडीवर उघडून बंद खोलीसमोरच्या बाकावर बसले. दाराशेजारी तळहाताएवढा पडदा, त्याखाली अंगठा ठेवायची काच. सव्वाअकराला नोंदणी विभागाचे कारकून आले. उजव्या काखेत वह्यांचा गठ्ठा होता, म्हणून त्यांनी डावा अंगठा टेकवला.

टुंग. पडदा हिरवा झाला. त्यावर बाबा उमटले. चौकड्यांचा शर्ट, ओले करून बसवलेले केस. खाली अक्षरं आली: बांधणी विभाग, प्रवेश मान्य.

कारकून पडद्याकडे न बघताच आत गेले. तुरतुरीने घुमीचा हात घट्ट धरला. धरलेला घुमीला नुसता दिसला, जाणवला नाही.

"सहा वेळा मोजलं," जेवायच्या वेळी चष्मिष कुजबुजला. "हात रिकामे असले की ते उजवा अंगठा लावतात. तेव्हा त्यांचाच फोटो येतो. उजवा हात भरलेला असला की डावा, आणि मग काका येतात."

"मग काय, त्यांचा उजवा हात भरायचा," तुरतुरी म्हणाली. "आणि समोर व्यवस्थापक हवेत."

"ते कसे येतील?"

"तू प्रश्न विचार. तुझ्या प्रश्नांनी आमच्या बाई वर्गातून बाहेर जायच्या, हे निदान खोलीतून तरी निघतील."

सोमवारी सकाळी चष्मिष वही-पेन घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत शिरला. "साहेब, सुट्टीतला प्रकल्प आहे. अंगठ्याचं यंत्र समजावून सांगाल?"

व्यवस्थापक खूश झाले. "सोपं आहे. जगात कोणत्याही दोन माणसांचे ठसे सारखे नसतात. त्यामुळे फसवाफसवी होऊच शकत नाही."

"आणि संगणकावर चिठ्ठी चिकटवलीय ती?"

"तो पासवर्ड आहे. विसरायला होतो रे. चल, यंत्रच दाखवतो."

ते बोळातून येताना दिसले तशी तुरतुरी हलली. बंद खोलीत परत ठेवायचे ग्रंथ ढकलगाडीवर रचलेले होते. त्यातले चार जाडजूड उचलून ती कारकुनांच्या अंगावर कलंडलीच. "काका, धरा धरा, पडतायत! आत ठेवायचेत ना हे?"

"अगं, हळू." कारकुनांनी ग्रंथ उजव्या हाताने छातीशी कवटाळले, दाराकडे वळले आणि सवयीने डावा अंगठा टेकवला.

टुंग.

"तर इथे प्रत्येकाची ओळख अगदी..." व्यवस्थापकांचं वाक्य तिथेच राहिलं. पडद्यावरून बाबा त्यांच्याकडे पाहत होते.

कारकुनांनी ग्रंथ सावकाश खाली ठेवले. "नोंदणीच्या दिवशी यांचा अंगठा यंत्राने अकरा वेळा नाकारला, साहेब. मागे रांग लागली होती. म्हटलं, माझा डावा रिकामाच आहे. यांच्या नावावर तो घातला. तेव्हापासून यांना काही लागलं की दार मीच उघडून द्यायचो. दोघांचीही सोय."

"आणि नकाशा?"

"त्या गुरुवारी मीच काढून यांना दुरुस्तीला दिला. नंतर शोधला, टेबलावर नव्हता. नकाशाचं सांगितलं असतं, तर अंगठ्याचंही सांगावं लागलं असतं. म्हणून..." ते जमिनीकडे बघत राहिले.

"दाबात असेल," बाकावरून घुमी म्हणाली.

सगळे वळले. एवढ्या दिवसांत ती आपणहून पहिल्यांदाच मोठ्या माणसांशी बोलली होती.

बांधणीच्या खोलीत खिडकीखाली लोखंडी दाबयंत्र होतं. कपाटं, खण, टोपल्या, सगळं लोकांनी धुंडाळलं होतं; पण घट्ट आवळलेल्या त्या यंत्राला कोणी हात लावला नव्हता. चिकटवलेलं घाईने उघडलं की कागद रुसतो, असं बाबा म्हणायचे. घुमीने दोन्ही हातांनी चाक फिरवलं. दोन फळ्यांमध्ये टिपकागद, आणि टिपकागदांमध्ये नकाशा. घडीवर फाटलेला भाग असा सांधला होता की सांधा शोधावा लागे. वर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: गुरुवारची तारीख, आणि "नऊ दिवस उघडू नये."

अठरा झाले होते.

व्यवस्थापकांनी तिथूनच आईला फोन लावला. "वहिनी, मी चुकलो," एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. मग तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास रे पोरांनो. आमच्या सगळ्यांच्या नाकासमोर होतं, आणि पाहिलं तुम्ही. आज सभेत हेच सांगणार."

"आणि तुमची चिठ्ठी?" चष्मिषने विचारलं.

"तीही काढतो रे," व्यवस्थापक म्हणाले आणि कारकुनांकडे वळले. "प्रत्येकाची नोंद नव्याने करा. ज्यांच्या रेषा उमटत नाहीत त्यांना किल्ली द्या, सही घ्या. आणि ही यांची नोंद आत्ताच पुसून टाका."

कारकून संगणकाकडे निघाले. बंद खोलीच्या दाराशी घुमी त्यांच्या आडवी आली.

"काका, पुसायच्या आधी एकदा लावता?"

त्यांनी का ते विचारलं नाही. डावा अंगठा शर्टाला पुसला आणि काचेवर टेकवला. चष्मिष आणि तुरतुरी मागेच थांबले.

टुंग. चौकड्यांचा शर्ट, ओले केस. पडदा पाच सेकंद उजळतो, हे चष्मिषने मोजून ठेवलं होतं. त्यातली दोन गेली.

"बाबा," घुमी मोठ्याने म्हणाली, "मला बोट द्यायला आवडायचं."