हट्टी बुखारी आणि सातेरीची पेटी

नळ बंद केला की पाणी थांबतं. पंखा बंद केला की वारा थांबतो. मग बुखारीची हवा बंद केल्यावर आग मंद व्हायला नको? पण छे! आमची बाईसाहेब हवा बंद केली तरी धडधडत राहायची. मी कस्तुरी शेवडे, वय अकरा, आणि त्या सकाळी मला त्या लोखंडी डब्याला एक सणसणीत लाथ घालावीशी वाटत होती.

थांबा, जरा आधीपासून सांगते. सन २०६३, नोव्हेंबर महिना. लडाखमधल्या चांगमार मधमाशी केंद्रात मी दिवाळीच्या सुट्टीत आले होते. तिथे माझे आजोबा राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते मूळचे वाईचे आणि मधमाश्यांचे शास्त्रज्ञ. त्यांच्या सोबतीला ढब्बू नावाचा एक जुना यंत्रमानव आहे. त्याचे गुडघे कुरकुरतात आणि तो फार म्हणजे फारच खरं बोलतो.

केंद्रात एक काचघर आहे आणि त्यात एक लाकडी पेटी. पेटीत सातेरी माश्या (सह्याद्रीतल्या आपल्या देशी मधमाश्या) राहतात. खाली महाराष्ट्रात सातेरीला कसलासा रोग लागला होता आणि पोळीच्या पोळी रिकामी पडत होती. नानांनी नऊ वर्षं खपून एका राणीमाशीचा असा वंश तयार केला होता, की त्याला तो रोग लागतच नव्हता. तो रोगापासून लांब राहावा म्हणून त्यांनी पेटी थेट लडाखला आणली होती. अशी पेटी जगात ही एकच.

आणि तीन दिवस बर्फ पडत होता! सौरपट्ट्या बर्फाखाली गाडल्या गेल्या, पवनचक्की गोठली, वीज गेली. बर्फगाडी यायला आणखी चार दिवस लागणार होते. तोवर काचघराला ऊब द्यायला उरली एकटी बुखारी. बुखारी म्हणजे लाकडावर चालणारी, लोखंडाची बंद शेगडी, दारात काचेची छोटी खिडकी असलेली. तिचा धूर नळकांड्यातून छपराबाहेर जातो, आणि खालच्या झडपेने आत किती हवा सोडायची ते ठरवता येतं. म्हणजे, ठरवता यायला हवं.

"पंधरा अंशांच्या खाली बराच वेळ गेलं तर माश्या गारठून मरतील," नाना म्हणाले होते. "आणि तिसाच्या वर गेलं, तर बाहेर छान ऊन पडलंय असं समजून पेटीबाहेर येतील आणि काचेवर आपटून मरतील."

आमची बुखारी काय करायची? लाकडं घातली की भसाभस पेटायची आणि पारा चौतीसवर. तासाभरात सगळं फस्त, की पारा तेरावर. त्या सकाळी मी काचेखालून मेलेल्या माश्या केरसुणीने गोळा केल्या. सूप भरायला आलं होतं. नानांचा चहा तसाच गार झाला. मला इतकं रडू आलं की काय सांगू! आणि लाकडं या हिशेबाने उद्या दुपारी संपणार होती.

"नाना, झडप नक्की बंद आहे ना?"

"बंद आहे गं बाई! पाचव्यांदा बघितली."

ढब्बूने मान वळवली. "मला एक शंका आहे. जळायला ऑक्सिजन लागतो."

"ऑक्सिजन म्हणजे हवेतला तो वायू, ज्याच्याशिवाय काहीच जळत नाही. माहीत आहे मला," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"छान. झडप बंद आहे, तरी आग जोरात आहे. म्हणजे तिला ऑक्सिजन मिळतो आहे. म्हणजे तो झडपेतून येत नाही."

मी आणि नानांनी एकमेकांकडे पाहिलं. "अरे देवा!" नानांनी कपाळावर हात मारला. "कस्तू, उदबत्ती आण! दिवाळीची उरली असेल बघ!"

मी धावत जाऊन उदबत्ती आणली आणि पेटवली. नानांनी ती बुखारीच्या सांध्यांजवळून हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि एकदम वाकडा होऊन सांध्यात शिरला!

"गेला! नाना, आत गेला!" मी किंचाळलेच.

"पण आत का? आतला धूर बाहेर का येत नाही?" मी विचारलं.

"सोपं आहे," नाना म्हणाले. "गरम हवा हलकी असते, म्हणून ती नळकांड्यातून वर पळते. ती गेली की आतली जागा भरायला बाहेरची हवा ओढली जाते. याला धुराड्याची ओढ म्हणतात. दार उघडं असो की बोटभर फट, ही ओढ मिळेल तिथून हवा खेचणार. आपण झडप बंद करून बसलो, आणि ही बया चोरवाटेने पोटभर हवा खातेय!"

आम्ही फटी मोजल्या. सात निघाल्या. सगळ्यात वाईट होतं दार. नानांनी कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सुळकन बाहेर आली.

"दार घट्ट असतं तर पट्टी अडकली असती," नाना पुटपुटले. "इथे दोरी असायची. दाराच्या खाचेत, जाडसर. कुठे गेली?"

दिवाळीची साफसफाई मीच केली होती. कोळी काढले, काचा पुसल्या, आणि बुखारीच्या दारात चिकटलेली एक काळीकुट्ट, फाटकी दोरी उचकटून कचऱ्यात टाकली होती. घर कसं लख्ख दिसायला हवं होतं ना!

"नाना... ती घाण दोरी मी फेकली," मी कशीबशी म्हटलं. डोळ्यांत पाणीच आलं. "माझ्यामुळे मेल्या त्या माश्या."

नानांनी मला जवळ ओढलं. "आणि सांधे कोणी सारवले, आठवतंय का? चूल म्हटली की दिवाळीला सारवायलाच हवी, असं म्हणून शेणमाती कोणी कालवली? मी! जुना लेप खरवडून मी शेणमातीने लिंपलं. डॉक्टरेट मिळवलेला गाढव आहे मी."

"मी एक सांगू का?" ढब्बू म्हणाला. "या गावात याकचं शेण इंधन म्हणून जाळतात. तुम्ही फटींमध्ये इंधन भरलंत."

नाना इतके हसले की खोकला लागला. खरंच की! मातीच्या चुलीला शेणमाती चालते, कारण ती बाहेरून लावतात. इथे सांध्यातलं शेण आगीला लागून जळून गेलं. शिवाय लोखंड तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. त्या ओढाताणीत उरलेली मातीही तडकून पडली.

दुरुस्ती करायची तर बुखारी विझवायला हवी होती. काचघर गार पडायला किती वेळ लागणार? ढब्बूने हिशेब केला. "एक तास दहा मिनिटं. त्यानंतर पंधराच्या खाली."

नानांनी पेटीभोवती दोन गोधड्या गुंडाळल्या. तिसरी स्वतःभोवती घेतली आणि पेटीला मिठी मारून जमिनीवर बसले. "माझ्या अंगाची ऊब यांना देतो. मी हललो तर ऊब जाईल. बुखारी तुमच्यावर. कर सुरू!"

मी? बाप रे! पण वेळ कुठे होता?

ढब्बूने निखारे झाकणाच्या बादलीत काढून बाहेर बर्फात नेले. बुखारी हात लावण्याइतकी निवल्यावर मी जळकी माती खरवडली. मग चाळलेली राख आणि चिकणमाती कालवली. शेण अजिबात नाही! पण दोरी कुठून आणायची? साधी सुतळी क्षणात जळली असती.

ढब्बूने खाली वाकून उजव्या पोटरीवरचं वेष्टण सोडलं. पांढरं, वेणीसारखं विणलेलं. "हे काचतंतूंचं आहे (काच वितळवून काढलेले धागे). माझ्या मोटारीच्या उष्णतेला ते जळत नाही. बुखारीलाही जळणार नाही."

"आणि तुझा पाय?"

"काही दिवस लंगडेन. चालेल."

मी त्याच्या थंडगार गालाचा पापाच घेतला! जाड वेणी दाराच्या खाचेत ठोकून बसवली. सुटे धागे फटींत कोंबले आणि त्यांच्यावर माती लिंपली. धागे लवचीक असतात, म्हणून लोखंड फुगलं-आकसलं तरी ते फट सोडत नाहीत. नखं काळी झाली, बोटं बधिर झाली.

"सोळा अंश," ढब्बू म्हणाला. पेटीला बिलगलेल्या नानांचे ओठ थरथरत होते.

दार लावलं, पट्टी ओढली. अडकली! ओढून फाटली, पण निघाली नाही. "नाना, अडकली! अडकली!"

"शाब्बास! आता बारीक काटक्यांनीच पेटव, ओली माती एकदम तापली तर तडकेल."

मी काटक्या पेटवल्या आणि माती वाळल्यावर मोठी लाकडं घातली. सुरुवातीला झडप पूर्ण उघडी ठेवली, कारण गार लाकडाला पेट घ्यायला भरपूर हवा लागते. लाकडं सगळीकडून काळी पडल्यावर झडप थोडी लोटली. आणि काय सांगू! ज्वाळा माझ्या बोटाबरोबर बसल्या. थोडी उघडली, उठल्या. लोटली, बसल्या. बुखारी पहिल्यांदा माझं ऐकत होती!

मी हरखून झडप पार मिटायला निघाले, तर नाना ओरडले, "थांब! सगळी मिटायची नाही कधी! अर्धवट जळलं की धूर कोंडतो, नळकांड्यात काजळी साठते आणि कार्बन मोनॉक्साइड (वास नसलेला विषारी वायू) तयार होतो. म्हणून तर भिंतीवर ती बॅटरीवरची घंटा आहे. आता वर बघ."

मी दाराच्या काचेतून बघितलं, तर बुखारीच्या आत वरच्या बाजूला बारीक भोकांची ओळ होती. तिथून तापलेली हवा धुरात शिरत होती आणि धूरच पेटत होता! निळसर जिभा नाचत होत्या. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. इतके दिवस आम्ही निम्मं लाकूड छपरावरून उडवून देत होतो.

पारा अठरावर आला, मग एकवीस, मग बावीस. आणि तिथेच राहिला. एक तास, दोन तास, तीन तास, त्याच लाकडांवर.

चार दिवस आम्ही पाळीपाळीने झडप सांभाळली. लाकडं पुरली. पण पेटीतून आवाज येत नव्हता, आणि उघडून बघितलं तर ऊब जाईल, म्हणून नाना उघडत नव्हते. राणी आहे की गेली, कोणालाच माहीत नव्हतं. नाना जेवायचेसुद्धा नाहीत धड.

चौथ्या सकाळी ऊन आलं. लख्ख! काचघर उजळलं. नानांनी गोधड्या बाजूला करून पेटीचं तोंड उघडलं. काहीच नाही. मग एक माशी बाहेर आली. दोन आल्या. मग भुर्रकन शंभरएक! त्यांनी नानांच्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि टप, टप, टप... नानांच्या टकलावर पिवळे ठिपके पडले.

"ई! नाना, हागल्या तुमच्यावर!"

"हागल्या! अगं, हागल्या!" नाना दोन्ही हात वर करून नाचायलाच लागले. "सातेरी पेटीत कधीच घाण करत नाही. आठवडाभर दाबून ठेवलं असेल बिचाऱ्यांनी! म्हणजे धडधाकट आहेत!"

मग त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि मला खुणेने बोलावलं. पोळ्यावर राणी फिरत होती, लांब आणि तपकिरी. ती एका घरात शेपूट घालायची, पुढच्या घराकडे जायची. मागे तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं राहायचं.

"उन्हाळ्यात यांना वाईला नेऊ," नाना हळूच म्हणाले. टक्कल पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "सुट्टीत येशील ना?"

राणी पुढच्या घराकडे वळली. मी अंडी मोजत होते, म्हणून नुसती मान डोलावली.