राखून ठेवलेली बादली

“संगप्पाकाका, अव्वाचा एबी फॉर्म तुमीच पळवला का हो?”

हिंमत असेल तर तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. अक्षतानं विचारलं. दहावीतली पोर, वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून तिच्या जिभेला ब्रेक राहिला नव्हता.

पक्षाचे वॉर्डातले कार्यकर्ते संगप्पा खुर्चीतच ताठ झाले. “पोरी, ह्या तिकिटासाठी माज्या चपला झिजल्या की! मीच कशाला पळवू?”

भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत दुपारचे चार वाजले होते. महापालिकेचे अर्ज घ्यायची मुदत तीनलाच संपली होती. पक्षानं उमेदवारी दिल्याचा कागद, तो एबी फॉर्म, काल संध्याकाळी हातात आला. अव्वानं, म्हणजे अक्षताच्या आईनं, महेश्वरीनं, तो देवघराच्या फळीवर सिद्धरामेश्वरांच्या फोटोपुढं ठेवला. सकाळी दहाला बघते तर फळी मोकळी.

घर पालथं घातलं. शेवटी अर्ज भरायचा राहिलाच. आता कुणाच्या पाया पडूनही उपयोग नव्हता. पाण्यासाठी आठ वर्षं घागर घेऊन मोर्चे काढणारी अव्वा नव्या इरकलीत भिंतीला टेकून बसली होती.

“काका, सकाळी कधी आलात?”

“नऊला. तवापासून ह्याच खुर्चीत. आत पाऊल न्हाय टाकलं. सहा दिवस नळ न्हाय, आमच्या गल्लीतबी. बिनआंघोळीचा मी देवघरात शिरंन व्हय?”

त्यांचं कपाळ कोरडं, मोकळं होतं.

“अव्वा, फॉर्म उचलायला दहा का वाजले?”

“बादली गं. रात्री एक बादली झाकून ठेवलेली, सकाळी न्हाऊन फळीला हात लावायचा म्हणून. उठून बघते तर रिकामी. वाटलं, तूच डोकं धुतलंस. शेजारच्या नागव्वाकडनं कळशी मागून आणली, तवा न्हाले.”

“मी? माझे केस बघ की. चार दिवस तेल थापून शाळेत जातेय!”

तेवढ्यात अप्पा आले. अक्षताचे वडील विरेश टॉवेलच्या कारखान्यात मागांची देखभाल करणारे जॉबर होते. सकाळी आठलाच कामावर गेलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घामानं फिसकटलेले. “सापडला का गं?”

“न्हाय,” संगप्पा म्हणाले. “तुमच्या मालकानं बघा, परवा टॉवेल बदलावा तसा पक्ष बदलला, आन् आता सून आपल्याच वॉर्डात उभी!”

अप्पा हसले नाहीत.

अक्षता त्यांच्या कपाळाकडं बघत राहिली. शाळेचा अख्खा हॉल भरून टाकणारा तिचा आवाज एकदम बारीक झाला.

“परक्या चोरानं सरळ फळीवर हात टाकला असता. ह्या चोराला आधी आंघोळ करावी लागली. न न्हाता देवाला शिवायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. आणि घरात पाणी एकच बादली. ती संपली, म्हणून अव्वा अडकली. आज ह्या घरात पारोसं कोण नव्हतं? अव्वा कळशीवर न्हाली. मी न्हाले नाही, काका न्हाले नाहीत.” ती थांबली. “अप्पा, तुमी विभूती आंघोळीशिवाय कधीच लावत नाही.”



अप्पांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. कडेला विभूतीचा ठिपका होता. “फाडायला गेलो. देवापुढचा कागद, फाटंना.”

“का, अप्पा?”

“मालक म्हणाले, बायको उभी राहिली तर उद्यापासून येऊ नको. अठरा वर्षं तितं काढली. कुटं जाऊ मी?”

संगप्पा कागद घेऊन उठले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, परत खाली बसले.

अव्वानं कागद मांडीवर घेतला. एकेक घडी तळहातानं सपाट केली. “मला सांगायचं होतं की.”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

“न्हाय.”

मोरीतला नळ घरघरला. सहाव्या दिवशी पाणी आलं होतं, आणि उठायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

शेवटी अक्षताच उठली. रिकामी बादली नळाखाली सरकवली आणि मोरीच्या दारातूनच वळली.

“अव्वा, अप्पा, ऐका. पुढच्या निवडणुकीला मी एकवीसची असणार. अर्ज मी भरणार. आणि सूचक म्हणून सही, अप्पा, तुमची.”