उलटा फेरा

"नाही! ही एक गोधडी मी देणार नाही!"

वहिनी असं म्हणाली आणि अख्खं घर तिच्याकडे वळून पाहू लागलं... कारण बावीस वर्षांत तिच्या तोंडून 'नाही' हा शब्द त्या घरानं कधी ऐकलाच नव्हता! आईच्या हातच्या म्हणून नणंदेनं पाच गोधड्या लेकीच्या नव्या संसारासाठी पेटीत भरल्या होत्या. सहावी, निळ्या-राखाडी सदऱ्यांची, वहिनीनं छातीशी घट्ट धरली होती. चार वर्षांपूर्वी गेलेल्या तिच्या नवऱ्याचे सदरे होते ते!

"तुझी आहे का ती?" नणंद कडाडली. "माझ्या आईनं शिवली, माझ्या भावाच्या कपड्यांची! तू डावखुरी, तुला धड बटण तरी लावता येतं का? म्हणे देणार नाही... आयत्या बिळावर नागोबा!"

उत्तर वहिनीच्या ओठांवर आलं होतं, पण एक शपथ आड आली. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंची नजर गेली, सुई हातातून सुटली, तेव्हा त्या मानी बाईनं व्याकूळ होऊन विनवलं होतं, "मी निकामी झाले हे लेकीला कळू देऊ नकोस... माझी शपथ आहे तुला!" तेव्हापासून शिवायची सून आणि नाव व्हायचं सासूचं. 'नजर गेली तरी आमची आई डोळे मिटून शिवते' अशी फुशारकी शिवणाचं दुकान चालवणारी नणंद माहेरी येईल त्या पाहुण्यापुढे मारायची, आणि वहिनी चहा करायला आत जायची.

"लेकी," खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "तू शिंपीण ना गं? मग ती गोधडी काठ पुढ्यात घेऊन पसर. कोपऱ्यातल्या गाठीवर बोट ठेव आणि टाक्यामागून चल. टाक्यांचा फेरा कुठं जातो?"

"उजवीकडे..."

"आणि ही माझ्या पांघरुणाची, माझी नजर असतानाची?"

"डावीकडे." नणंदेचं बोट थबकलं. उजव्या हाताचं माणूस डावीकडे शिवत जातं, हे तिनं दुकानात किती मुलींना शिकवलं होतं! तिनं पेटी उपसली, एकेक गोधडी चाचपली... पाचही उलट्या फेऱ्याच्या!

"आई, नका ना... शपथ आहे!" वहिनीला हुंदका आवरेना.

"शपथ माझी, मोडायची तर मीच मोडते! कष्ट तिचे आणि मिरवले मी. ही नवी नवरी असताना हिच्या याच डाव्या हातावर मी पट्टी मारली होती गं... फार उजवं-डावं केलं मी या घरात!"

नणंदेनं धावत जाऊन वहिनीला मिठी मारली. "माझी जीभ झडो! वीस वर्षं दुकान चालवते आणि घरातला टाका मला ओळखता आला नाही... या गोधड्या मी आता कुठल्या तोंडानं नेऊ?"

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. सदऱ्यांची गोधडी तिनं आपल्या खांद्यावर घेतली. बाकीच्या पाच नीट घड्या घालून स्वतः पेटीत ठेवल्या.

"ताठ मानेनं न्या, वन्सं. आधी तुम्ही घेत होता, आता मी देतेय. भाचीला सांगा, मामीच्या हातच्या आहेत!"

"कुठल्या हातच्या?" सासूबाईंनी मुद्दाम विचारलं.

"डाव्या!" वहिनी रडता रडता हसली, आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "माझ्या डाव्या हातच्या!"