चौकटीतलं वादळ

"हे आपलं जहाज नव्हेच!" अपेक्षा ओरडली.

"हळू! मावशी ऐकेल," तिचा धाकटा भाऊ सम्यक दबक्या आवाजात म्हणाला. मैत्रीण श्रेया तर भिंतीवरच्या चौकटीला नाक लावूनच उभी होती.

चित्र होतं रत्नमाला मावशीचं. एका नामवंत सागरचित्रकाराने शंभर वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर वादळातलं जहाज कोरलं, कागदावर छापलं आणि खाली पेन्सिलीने सही केली. शिकायला मुंबईच्या कलाशाळेत गेलेली मावशी ही घरातली पहिली मुलगी! तिचा पहिला नंबर आला, तेव्हा सरांनी तिला हे चित्र भेट दिलं होतं. नवी चौकट करायला ते उस्मानपुऱ्यात सोमनाथकाकांच्या दुकानात गेलं आणि काल परत आलं. मावशीच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तिला काही कळलं नाही.

"भिंगातून बघा," अपेक्षा म्हणाली. "नुसते छपाईचे ठिपकेच ठिपके, कोरलेली रेष एकही नाही! आणि पत्र्याच्या दाबाने कागद चौकोनी दबलेला असायचा, तेही दिसत नाही. ही कॉपी आहे!"

पुंडलिकनगरातून तीन सायकली सोमनाथकाकांच्या दुकानाकडे सुसाट सुटल्या.

"मी असली चूक करतो व्हय?" सोमनाथकाकांनी मानही वर केली नाही. "तीस वर्षं झाली दुकानाला. निघा!"

अपेक्षाने साळसूद चेहरा केला. "तसं नाही काका. चित्र फार आवडलं. आम्हालाही त्याची एक कॉपी मिळेल?"

"का नाय! परवाच काढलीय की. जुना कागद सारखा कशाला हाताळायचा, म्हणून मापासाठी..." काकांनी जीभ चावली. "अरे देवा! मग तो पिवळा कागद... तो रद्दी समजून मी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या, अप्पारावांच्या फोटोमागं घातला! ते आत्ताच फुलंब्रीच्या गाडीला गेले!"

काकांनी अपेक्षाला स्कूटरवर घेतलं. सायकली मागोमाग होत्याच.

बसस्थानकात कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला होता. "थांबा! थांबा!" अपेक्षा बसमध्ये घुसली. खिडकीशी पांढऱ्या फेट्यातले अप्पाराव बसले होते. मांडीवर लेकीच्या लग्नाचा फोटो.

सगळं ऐकून त्यांनी फोटो छातीशी धरला. "नाय उघडायचा. सासरी द्यायचाय लेकीच्या. शुभ कामात खिळं उपटायचं व्हय?"

सोमनाथकाका गयावया करू लागले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बस निघाली तर?

"आजोबा," ती एकदम म्हणाली, "ताईच्या फोटोमागं वादळात सापडलेलं जहाज आहे. असलं वादळ सासरी कशाला पाठवता?"

बसभर हशा पिकला! अप्पारावांच्या मिशा थरथरल्या आणि मग तेही खो खो हसत सुटले. "लई हुशार पोरगी! चला, उतरतो. काढा बाबा ते वादळ! जातो पुढच्या गाडीनं."

संध्याकाळी मावशीने कागदावरच्या दबलेल्या रेषेवरून हलकेच बोट फिरवलं. सोमनाथकाका दारात कान धरून उभे!

"डोळे माझे डॉक्टरांनी उघडले," ती तिघांना जवळ घेत म्हणाली, "पण बघितलं तुम्ही! उद्यापासून सकाळी दहाला यायचं. पत्र्यावर कोरून कसं छापतात, ते शिकवते."

"मी वादळ कोरणार!" सम्यक ओरडला.

"मी एसटी!" अपेक्षा म्हणाली.